हॉलमधलं खारं पाणी

बाबाला वाशीला आणून मी त्याचे हाल केले, असं माझी आत्या आजही चारचौघांत म्हणते. म्हणू दे. तिचं तोंड धरायला मी कुठं जाऊ? त्याला गावच्या घरात एकटा ठेवला असता तर काय झालं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते एकदा झालंच होतं. आई गेल्यावर वर्षभरात तो मोरीत चक्कर येऊन पडला. रात्रभर तसाच ओल्यात. सकाळी दार उघडलं नाही म्हणून शेजारणीनं कौलं सरकवून आत पाहिलं, तेव्हा कळलं. त्यानंतर मी त्याचं काही एक ऐकलं नाही. दोन धोतरं, तीन सदरे आणि तपकिरीची डबी पिशवीत कोंबली आणि त्याला आमच्या फ्लॅटवर घेऊन आले.

आमचं गाव काही लांब नाही. बसनं गेलं तर अर्धा तास. पण बाबाला वाशी परदेशच वाटत होती. आयुष्यभर खाडीत होडी घातलेला माणूस. पुढं पुढं खाडीच्या मासळीला रॉकेलचा वास यायला लागला. कारखान्यांतून काय काय सोडत होते देव जाणे. बाजारातल्या बायका टोपलीला नाक लावायच्या आणि पुढं जायच्या. बाबानं होडी विकली, जाळं माळ्यावर टाकलं आणि गप्प बसला. भांडला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्याचीच मुलगी, पण माझा राग नाकावर आणि याचा कुठं असतो ते देवालाच माहीत.

वाशीच्या घरी तो हॉलमधल्या खुर्चीच्या अगदी कडेला बसायचा. पूर्ण टेकून कधी बसला नाही. चहा दिला की घ्यायचा, जेवायला हाक मारली की यायचा, टीव्ही लावला की बघायचा. आणि दर आठवड्याला न चुकता, "मी जातो गं गावाला."

"कोण आहे तिथं?" मी तवा आपटून विचारायची. "पुन्हा पडलास तर उचलायला कोण येणार?"

"नाय पडनार."

झालं. यापलीकडे बोलणं जायचं नाही. माझा नवरा शांत माणूस, कऱ्हाडकडचा. तो म्हणायचा, रमतील हळूहळू. कसले रमतात, कपाळ. दिवसेंदिवस तो वाळत चालला होता, आणि ऑफिसात टाइप करताना माझ्या डोक्यात एकच विचार असायचा, की आज घरी गेल्यावर खुर्ची रिकामी दिसणार.

मग वरच्या मजल्यावरचे लोक नोकरीसाठी आखातात गेले आणि जाताना त्यांची माशांची काचेची टाकी आम्हाला देऊन गेले. नवऱ्याला लाल-सोनेरी मासे आणायचे होते, लोकांकडे असतात तसे. बाबा पहिल्यांदाच हाक न मारता खुर्चीतून उठला. टाकीभोवती एक फेरी मारली, काचेवर टिचकी मारली आणि म्हणाला, "गोड्या पान्यातलं मासं? त्यांना काय बगायचं? दर्याचं पानी आनू."

मी म्हटलं, आण बाबा, काय पाहिजे ते आण. त्यानं चंद्र आणतो म्हटलं असतं तरी मी त्या दिवशी पिशवी काढून दिली असती.

आपल्या दारातल्या खाडीचं पाणी त्याला चालणार नव्हतं. आत्या उरणला दिलेली. तिकडं खडकाच्या बाजूला पाणी अजून बरं होतं. बाबा प्लॅस्टिकचे दोन मोठे कॅन घेऊन एसटीनं उरणला गेला आणि भरून आणले. कंडक्टरनं विचारलं, कॅनमध्ये काय आहे. बाबा म्हणाला, पाणी. कंडक्टर म्हणाला, "उरणहून वाशीला पाणी? का, वाशीच्या नळाला येत नाय?" अख्खी एसटी हसली म्हणे. हे मला बाबानं स्वतः सांगितलं. आपणहून काही सांगण्याची ती पहिली वेळ.

टाकी लागायला महिना गेला. गॅलरीत एक पिंप ठेवलं, त्यावर गोणपाट. आणलेलं पाणी माझ्या जुन्या सुती साडीच्या चार पदरांतून गाळून त्यात भरायचं आणि अंधारात बसू द्यायचं, म्हणजे गाळ खाली राहतो. टाकीच्या तळाला भोकं पाडलेली प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर शिंपल्यांचा चुरा, आणि हवेचं छोटं मशीन दिवसरात्र गुरगुर करत बुडबुडे सोडायचं. त्या बुडबुड्यांमुळे पाणी चुऱ्यातून खाली ओढलं जायचं आणि घाण तिथंच अडकायची. मशीन फोर्टातून नवऱ्यानं आणलं, अक्कल दुकानदाराची. बाकीचं बाबा चुका करत करत शिकला. पहिल्या वेळचे मासे चार दिवसांत मेले. दुसऱ्या वेळी खायला जास्त पडलं, पाणी नासलं. पाणी रोज थोडं उडायचं आणि मीठ मात्र मागं राहायचं, म्हणून किती कमी झालं ते कळायला त्यानं माझी नेलपॉलिशची बाटली घेऊन काचेवर लाल रेघ ओढली. रेघेच्या खाली पाणी गेलं की तेवढंच गोडं पाणी घालायचं. रोज सकाळी बोट बुडवून जिभेला लावायचा आणि बेसिनमध्ये थुंकायचा. आणि घरात सगळ्यांना एकच ताकीद. साबणाचा हात टाकीत घालायचा नाही. साबणाचाच काय, कुणाचाच कसला हात घालायचा नाही.

खडकांतल्या डबक्यातून त्यानं मासे आणले होते. पिवळसर, अंगावर काळे पट्टे, तळहातात मावतील एवढे. आणि शंखात राहणारा एक खेकडा. बिल्डिंगमधली माणसं बघायला यायला लागली. सोसायटीचे सेक्रेटरी आले, त्यांची बायको आली. बाबा त्यांना सांगायचा, हा भांडकुदळ आहे, हा भित्रा आहे. संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची ओढून घ्यायचा आणि टेकून बसायचा. चक्क टेकून. आणि गावाला जातो हे वाक्य बंद झालं. मी कुणाला बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून. पण ते पाणी स्वच्छ आहे तोवर माझा बाप माझ्याकडे आहे, हे मला कळून चुकलं होतं. सकाळी उठल्यावर देवाआधी मी टाकी बघायची.

त्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. एका डोळ्याचं झालं, हिरवी पट्टी लागली, आणि डॉक्टरांनी बजावलं की वाकायचं नाही, शेगडीपाशी जायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. आयुष्यभर रानात राबलेली बाई. तिला दिवाणावर बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच. मी कामावरून आले की म्हणायच्या, "दे गं, निदान लसूण तरी सोलती." लसूण सोलून झाला की पुन्हा हात मांडीवर. सासरे केव्हाच गेले होते, गावाला त्याही एकट्याच. माळकरी, मासळीला शिवायच्या नाहीत, पण टाकीतल्या माशांवर त्यांचा जीव बसला. "मुकी जित्राबं," म्हणायच्या, "बघा कशी तोंडं हालवत्यात."

आषाढात दोन दिवस धुवांधार पडला आणि कुठंतरी ट्रान्सफॉर्मर उडाला. लाइट गेली ती पुरा एक दिवस आलीच नाही. हवेचं मशीन बंद. बाबा लोट्यानं पाणी उचलून वरून ओतत बसला, म्हणजे हवा मिसळेल. मी ओतलं, नवऱ्यानं ओतलं. मासे वाचले, पण तळातली घाण सडली आणि लाइट आल्यावर दुसऱ्या सकाळी टाकी पांढरी झाली. तांदूळ धुतल्यासारखी. मासा काचेला चिकटला तरच दिसायचा. आणि वास.

"पाणी बदलून टाक ना," मी म्हटलं.

"कुठलं आनू? पावसाळ्यात दर्या लाल असतो, आनि पावसाच्या पान्यानं पातळ झालेला. पिंपात अर्धंच हाय, तां मोडायचं नाय." त्यानं खाणं बंद केलं, मशीनची नळी साफ केली आणि म्हणाला, "आता हात लावायचा नाय. आपसूक बसंल."

बसेना. तिसरा दिवस, चौथा दिवस. मी ऑफिसातून जिने धावत चढायची आणि दारातूनच बघायची. तसंच. बाबा पुन्हा खुर्चीच्या कडेला आला होता.

शुक्रवारी जेवताना नवऱ्यानं विषय काढला. तो वाईट बोलला नाही, हे मी आजही सांगेन. म्हणाला, "बाबा, मला पटतं सगळं. पण आईचा डोळा ताजा आहे, ती इथंच टाकीशेजारी झोपते. इन्फेक्शनचं टेन्शन आहे. रविवारपर्यंत बघू. नाहीतर टाकी काढू, पावसाळ्यानंतर पुन्हा लावू."

बाबानं हात धुतला. "रविवारला मी गावाला जातो. टाकी कुनाला देऊन टाका."

"असं नाही म्हणत मी..."

"नाय, नाय. बरोबर बोलतोस तू."

माझं डोकं फिरलं. नवऱ्याला वाट्टेल ते बोलले. तुझी आई ती आई आणि माझा बाप काय भाडेकरू? आवाज शेजारी गेला असेल, जाऊ दे. मला मोरीत ओल्यात पडलेला बाबा दिसत होता. दिवाणावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला वाटलं झोपल्यात.

शनिवारी सकाळी बाबाची पिशवी खुर्चीवर भरून ठेवलेली होती. तो म्हणाला, उरणला बहिणीला भेटून येतो, पाणी निवळलं असेल तर बघतो. रिकामे कॅन घेऊन गेला. शनिवारी माझं ऑफिस अर्धा दिवस. दुपारी परतले तर बिल्डिंगच्या जिन्यातच तो भेटला. कॅन रिकामेच.

"लाल हाय अजून," म्हणाला.

मी दार उघडलं आणि दोघंही जागच्या जागी थांबलो. टाकीतलं पाणी स्वच्छ होतं. स्वच्छ म्हणजे काय सांगू, पाणी आहे की नाही कळेना. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा आरपार वाचता येत होत्या. खुशीत मी बाबाचा दंड धरला. सासूबाई टाकीशेजारी उभ्या होत्या, पदर खोचलेला, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि चेहरा असा की त्यांच्याच घरी बारसं आहे.

"झालं का न्हाई?" त्या म्हणाल्या. "तुरटी फिरवली. आमच्याकडं आखाडात नदीला गढूळ पाणी येतं, हंड्यात चार येढे दिले की गाळ समदा खाली. ह्यो हंडा मोठा, म्हून मोठा खडा घेतला. सकाळपास्नं फिरवती हाय. हात भरून आला." मग बाबाकडे वळून म्हणाल्या, "आता उद्या कुणी कुठं जायचं न्हाई, व्याही. पाणी झालंया तुमचं."

म्हणजे काल त्या झोपलेल्या नव्हत्या.

बाबा टाकीकडे बघत होता. मीही मग पाण्याऐवजी मासे बघितले. सगळे वर आले होते, तोंडं पाण्याबाहेर काढून, कल्ले भराभर हलवत. तळाला चुऱ्यावर पांढऱ्या चोथ्याचा थर बसला होता, आणि तोच चोथा त्यांच्या कल्ल्यांना चिकटला होता. शंखातला खेकडा शंखाबाहेर पडला होता. नदीच्या हंड्यात फक्त पाणी असतं. इथं श्वास घेणारी जितीजागती जनावरं होती.

माझ्या तोंडून शब्द निघणार तेवढ्यात बाबा बोलला. "झकास झालं, ईनबाई. एक नंबर. अशी टाकी मी पन कदी बगितली नाय." आवाज नेहमीसारखा. मग मला, "त्यांना आत ने गं. लय वेळ उभ्या हायत. डोळ्यात औषध घाल आनि पडू दे जरा."

मी सासूबाईंना आत नेलं. थेंब घालताना माझं लक्ष हॉलकडे होतं, निम्मं औषध गालावर गेलं. "दमलीस व्हय गं," त्या म्हणाल्या. मी दार ओढून घेतलं आणि हॉलमध्ये धावले.

बाबानं पिंपातलं राखून ठेवलेलं पाणी बादलीत काढलं होतं. ओंजळीनं एकेक मासा उचलून त्यात सोडत होता. मी दुसरी बादली धरली. बोलत नव्हतो आम्ही, आतपर्यंत आवाज जाऊ नये म्हणून भांडंसुद्धा हळू ठेवत होतो. सगळ्यात मोठा मासा, ज्याला तो भांडकुदळ म्हणायचा, बादलीत गेल्यावर एकदा सरळ झाला. मला वाटलं, वाचला. मग कुशीवर गेला. बाबानं त्याला दोन बोटांत धरून पाण्यात पुढंमागं फिरवलं, पाणी कल्ल्यांतून जावं म्हणून. बराच वेळ फिरवत होता. मग सोडून दिला आणि दुसरा घेतला.

एकही वाचला नाही.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. इतक्या वेळा सांगितलं होतं, हात लावू नका. इतक्या वेळा. मी उठले आणि आतल्या दाराकडे निघाले. बाबानं मनगट धरलं. म्हातारा होता, पण जाळी ओढलेला हात होता तो.

"कुठं चाललीस?"

"सांगते त्यांना. कळू दे काय केलं ते."

"नाय सांगायचं."

"का नाही? मारले त्यांनी तुझे मासे. आणि तू उद्या निघणार. माझं काय?" मी रडायला लागले होते, आवाज दाबून.

"ती बाय इकडं नुसती बसून खाते," तो म्हणाला. "तिला तां खुपतंय. मना ठाव हाय कसं खुपतंय. मी पन तसाच बसलेलो. एवड्या दिवसांत तिनं एक काम केलं, तां पन माज्यासाठी. आनि आता तिला सांगू, तुज्या हातानं मेली?"

त्यानं माझं मनगट सोडलं, भिंतीपाशी गेला आणि हवेच्या मशीनचा प्लग उपटून काढला. चांगलं गुरगुरत होतं ते. गुरगुर थांबली. बटण बंद करून त्यानं मशीन उलटं ठेवलं.

"मशीन जळलं," म्हणाला. "काय सांगायचं? मशीन जळलं. जावयाला पन तांच सांग."

संध्याकाळी सासूबाई उठून बाहेर आल्या तेव्हा टाकीत पाणी होतं आणि मासे नव्हते. बाबानं सांगितलं. त्या मट्‌कन दिवाणावर बसल्या. "काय धाड भरली मशीनला," म्हणाल्या. "एवढं पाणी केलं जित्राबांसाठी." डोळ्यातून पाणी काढायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून पदराचं टोक चांगल्या डोळ्याला दाबून धरलं. मी स्वयंपाकघरात कुकर घासत होते. खरं तर घासलेलाच होता.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर बाबा पिशवी रिकामी करत होता. धोतरं परत कपाटात, तपकिरीची डबी खिडकीत.

"जात नाहीस?" मी विचारलं. विचारताना भीतीच वाटत होती.

"कसा जाऊ?" त्यानं आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "आज गेलो तर ती इचार करनार. का गेला, मशीन नवीन आनता आलं असतं, मग का गेला. इचार करता करता येईल तिच्या ध्यानात."

मी किती दिवस त्याच्या पाया पडत होते. रडले, ओरडले, उपाशी राहिले. माझ्यासाठी तो थांबायला तयार नव्हता. मला राग आला, खरंच सांगते, आनंदाच्या आधी राग आला. मग मी चहा त्याच्या हातात दिला आणि आत निघून गेले.

दुपारी सेक्रेटरींची बायको डोकावली. टाकी बघून म्हणाली, अरेरे, मासे गेले? पण पाणी काय सुंदर आहे हो, कसं केलंत? सासूबाईंनी पदर सावरला आणि सगळं सांगितलं, नदी, आखाड, खडा केवढा होता, हात किती भरून आला. "व्याह्यांना इचारा की," म्हणाल्या.

बाबा खुर्चीत होता. "व्हय," म्हणाला, "ईनबाईंनीच केलं." सेक्रेटरींच्या बायकोनं घरी तुरटीचा खडा आहे का ते आठवायला सुरुवात केली, आणि बाबानं तिला बसायला स्टूल पुढं सरकवलं.